मायक्रोबिट आणि सहावी-सातवीचा वर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाड तालुक्यातल्या एका शाळेत मी सहावी ते आठवीच्या मुलांना मायक्रोबिटवर कोडिंग शिकवते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, फोनवर आणि पालकसभेनंतर व्हरांड्यात लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. ज्या क्रमाने लोक विचारतात त्याच क्रमाने ती आहेत, महत्त्वाच्या क्रमाने नाहीत.

मायक्रोबिट म्हणजे नेमकं काय?

साधारण ४ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरची एक उघडी पट्टी, काड्यापेटीपेक्षा थोडी रुंद. समोर ५ ओळींत ५-५ असे २५ लाल दिवे आणि दोन बटणं, ए आणि बी. खालच्या कडेला सोनेरी दात आणि त्यांत पाच मोठी भोकं, तिथे चिमट्याच्या वायरी लावायच्या. हललं, वाकलं, पडलं हे त्याला कळतं. होकायंत्र आहे, तापमान मोजता येतं. समोरचे दिवेच उजेडही मोजतात, हे मुलांना कधीच खरं वाटत नाही. २०२०च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत माइक, स्पीकर आणि बोट लावलं की कळणारं चिन्हही आहे. एक मायक्रोबिट दुसऱ्याशी बिनतारी बोलू शकतो.

हे ब्रिटनमधून आलं. २०१६ मध्ये बीबीसीने तिथल्या ११-१२ वर्षांच्या जवळजवळ १० लाख मुलांना प्रत्येकी एक असा हा तुकडा फुकट वाटला. १९८१ मध्ये याच बीबीसीने 'बीबीसी मायक्रो' नावाचा संगणक तिथल्या शाळांमध्ये पोचवला होता, त्याचाच हा नातू म्हणा.

सहावी-सातवीच का? आधी नको, नंतर नको?

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यापासून, म्हणजे सहावी ते आठवीत सुरू करावेत असं म्हटलं आहे. धोरणात नसतं तरी मी याच वर्गांपासून सुरुवात केली असती. सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या येतात आणि ऋण संख्या मुलांच्या डोक्यात काही केल्या बसत नाही. मायक्रोबिट डावीकडे कलवला की पडद्यावरचा आकडा शून्याच्या खाली जातो, उजवीकडे कलवला की वर येतो. 'उणे तीनशे म्हणजे किती वाकडं?' असा प्रश्न मग मुलंच विचारतात. पाटीवर मी हे दहा वेळा सांगितलं होतं.

नववी-दहावीत बोर्डाचं भूत मानेवर बसतं, मग खेळायला कोणाला सवड मिळत नाही.

आमच्याकडे चालू संगणक चार आणि मुलं अठ्ठेचाळीस. कसं करायचं?

प्रत्येकाला एक यंत्र हवं, हा हट्ट सोडा. दोघांत एक हे माझं आवडतं प्रमाण आहे. पैसे आले तरी मी ते बदलणार नाही. एकाला 'हात' म्हणायचं, दुसऱ्याला 'डोळे'. माउस हाताकडे, पण हाताने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. डोळ्यांनी तोंडाने सांगायचं आणि हाताने तेवढंच करायचं. दर दहा मिनिटांनी मी थाळी वाजवते, की अदलाबदल. थाळी वाजवली नाही तर पहिल्याच तासात माउस एका मुलाकडे जातो आणि वर्षभर तिथेच राहतो. तो मुलगाच असतो, मुलगी नसते, हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. मुलींना कोडिंगची आवड नसते असं म्हणणाऱ्यांनी एकदा थाळी वाजवून बघावी.

संगणक कमी असतील तर त्याची चिंता वाटते तितकी करू नका. संगणक लागतो तो ब्लॉक, म्हणजे सूचनांचे तयार ठोकळे, एकमेकांना जोडायला आणि असा झालेला प्रोग्रॅम यंत्रात टाकायला. विचार कागदावर होतो, चाचणी मैदानात होते. एक गट संगणकापाशी, एक गट वहीत, एक गट व्हरांड्यात, असे तीन गट फिरते ठेवले की चार संगणकांवर भागतं. गोंगाट होतो. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा.

इंटरनेट भरवशाचं नाही. लाइटही जाते.

ब्लॉक जोडायचं संकेतस्थळ म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेककोड. ते ब्राउझरमध्ये एकदा नीट उघडलं की पुढे नेट गेलं तरी चालत राहतं. विंडोजसाठी त्याचं वेगळं ॲपही मिळतं. तयार झालेली फाइल पेनड्राइव्हवर टाकावी तशी मायक्रोबिटवर टाकायची, तेव्हा नेट लागत नाही. जुना संगणक असेल तरी ही रीत चालते. फोनवरचं ॲप ब्लूटूथने प्रोग्रॅम टाकतं. पण एका खोलीत वीस फोन आणि वीस यंत्रं असली की कोणाचा फोन कोणाच्या यंत्राशी जोडला गेला ते शोधण्यातच तास संपतो.

एकदा प्रोग्रॅम आत गेला की संगणकाची गरज नाही. दोन एएए सेल लावा आणि चला मैदानात. लाइट गेल्यावर आमच्या शाळेत जो एकमेव तास नेटाने चालतो तो हा.

ब्लॉक इंग्रजीत आहेत आणि आमची मुलं मराठी माध्यमाची. अडत नाही का?

पहिले दोन आठवडे अडतं. कामाला येणारे शब्द मोजून पंधरा-वीस आहेत, ते भिंतीवर लावा. पण तक्ता तुम्ही करू नका, मुलांना करू द्या. आमच्या तक्त्यावर 'फॉरेव्हर'समोर 'सारखं सारखं' असं लिहिलं आहे. एका जोडीने 'ऑन स्टार्ट'ला 'नारळ फोडणे' असं लिहिलं, ते मी तसंच ठेवलं. प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच घडतं ते, याहून चांगलं भाषांतर मला सुचलं नसतं.

माझा नियम एकच: ब्लॉकला हात लावायच्या आधी प्रोग्रॅम मराठीत बोलून दाखवायचा. 'जर ए बटण दाबलं तर आकडा एकने वाढव, नाहीतर काही करू नको.' जर-तर-नाहीतर आपल्या भाषेत आहेच. जे वाक्य मराठीत अडखळतं, ते ब्लॉकमध्येही अडखळतं.

'व्हेरिएबल' शिकवायला 'चल' हा गणितातला शब्द आहे, पण मला स्वयंपाकघरातला डबा जास्त उपयोगी पडतो. डब्यावर चिठ्ठी 'गुण' आणि आत एक आकडा. नवा आकडा टाकला की जुना गेला. 'जुना कुठे गेला?' असं कोणीतरी विचारतंच. कुठेही नाही, हे पचायला वेळ लागतो. घरच्या डब्यात जुन्या साखरेवर नवी साखर घालतात, म्हणून तिथे उदाहरण जरा फसतं. फसू द्या, त्यावरूनच बोलणं होतं.

पहिला तास कसा घ्यावा?

यंत्र न काढता. एक मूल यंत्र होतं, दुसरं त्याला दारापासून फळ्यापर्यंत नेतं. 'पुढे जा' म्हटलं की यंत्र झालेलं मूल भिंतीला टेकेपर्यंत पुढे जातं, कारण थांब कोणी सांगितलंच नाही. वर्ग हसतो. 'तीन पावलं पुढे' म्हटलं तर पाऊल केवढं यावर भांडण होतं. वीस मिनिटं पुरतात, जास्त लांबवू नका.

मग यंत्रं वाटा. आणि यापुढे तुमचे हात पाठीमागे. हे मला सगळ्यात जड गेलं. मूल अडकलं की आपला हात आपोआप माउसकडे जातो. आपण दोन सेकंदांत चूक दुरुस्त करतो, मूल 'थँक्यू मॅडम' म्हणतं आणि काहीच शिकत नाही. म्हणून मी पहिल्या वर्षी खरोखर हात मागे बांधून फिरत होते. मुलांना वाटलं मी रागावले आहे.

पहिलं काम साधं: २५ दिव्यांत आपल्या नावाचं पहिलं अक्षर. बाराखडीची २५ दिव्यांत फार ओढाताण होते. 'ग' जमतो, 'क्ष' जमत नाही. 'क्ष' जमत नाही म्हणून रुसलेल्या एका मुलीने शेवटी दोन चित्रं एकामागून एक दाखवली, अर्धं अक्षर आधी आणि अर्धं नंतर. कोणी शिकवलं नव्हतं, पण तिने चलच्चित्र शोधून काढलं होतं.

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला काय?

फासा. यंत्र हलवलं की १ ते ६ मधला एक आकडा. सोपं वाटतं, आणि इथेच एक सुंदर खड्डा आहे. मेककोडमध्ये कुठलाही आकडा निवडायचा ब्लॉक येतो तो आधीच '० ते १०' असा भरलेला असतो. मुलं १० खोडून ६ करतात आणि ० तसाच राहतो. मग सापशिडी खेळताना कोणाला तरी शून्य पडतं. तुम्हाला ही चूक आधीच दिसलेली असते. गप्प राहा. शून्य पडलेलं मूल आधी शेजाऱ्याशी भांडतं, मग यंत्राला नावं ठेवतं, मग ब्लॉककडे वळतं. हा प्रवास त्याचा त्यानेच करायचा.

पुढे जोडीजोडीने शंभर वेळा फासा टाकायचा, वहीत खुणा करायच्या आणि स्तंभालेख काढायचा. सहाही खांब सारखे येत नाहीत. 'यंत्र लबाड आहे' असा निष्कर्ष निघतो. मग सगळ्या जोड्यांच्या खुणा फळ्यावर एकत्र करा आणि खांब कसे सपाट होत जातात ते बघा.

तापमान चुकीचं दाखवतं. यंत्र खराब आहे का?

मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझा सर्वात आवडता.

यंत्र खराब नाही. मायक्रोबिटवर हवेचं तापमान मोजणारा वेगळा संवेदक नाही. तो मोजतो आपल्याच प्रोसेसरचं तापमान. प्रोसेसर काम करत असतो, दिवे लागलेले असतात, म्हणून तो हवेपेक्षा काही अंशांनी गरम असतो. हे मी पहिल्या तासात सांगत नाही. विज्ञानाच्या कपाटातला काचेचा तापमापक शेजारी ठेवते आणि दोन्ही आकडे फळ्यावर लिहायला लावते. काचेचा २४, मायक्रोबिट २७. 'मॅडम, हे खोटं बोलतंय.' बरं, मग याच्याकडून खरं कसं वदवायचं?

तीन वजा करा, हे उत्तर लगेच येतं. वजाबाकीचा ब्लॉक जोडला जातो आणि सगळे खूश. मग मी शेजारच्या जोडीचं यंत्र आणायला सांगते. त्याचा फरक चारचा. तिसऱ्याचा दोनचा. प्रत्येक यंत्राचा खोटेपणा वेगळा. आता आमच्या प्रत्येक यंत्राच्या पाठीला चिकटपट्टीवर त्याचा आकडा लिहिलेला असतो. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये उपकरणांना जोडतात तो दुरुस्तीचा कागद हाच, फक्त आमचा बॉलपेनाने लिहिलेला आहे. एकदा एका मुलाने दाखवलं की दिवे बंद ठेवले तर फरक कमी होतो. मी ते कुठे वाचलं नव्हतं, पण कारण उघड आहे.

हे सगळं आमच्याकडे का रंगतं, तर निफाड. डिसेंबर-जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की तीत बहुतेक वेळा निफाड असतं, आणि आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी द्राक्षबाग आहे. पारा घसरला की मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे पाणी सोडतात. थंडी हा इथे घरातला विषय आहे.

म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही यंत्रं रात्रभर बागेत ठेवली. दुसऱ्या आवृत्तीत नोंदी साठवायची सोय आहे. दर पंधरा मिनिटांनी एक आकडा, रात्री आठ ते सकाळी सात. दिवे बंद, यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत, कारण दव. सकाळी केबल जोडली की मायक्रोबिटमध्ये 'माय डेटा' नावाची फाइल दिसते. ती ब्राउझरमध्ये उघडली की आकड्यांचा तक्ता आणि आलेखही समोर येतो.

आधी मी विचारलं होतं, सर्वात जास्त गारठा किती वाजता? सगळ्या वर्गाने हात वर केले: रात्री बारा. आलेखाने सांगितलं, सूर्योदयाच्या जरा आधी. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि भर घालायला ऊन नसतं, म्हणून पारा पहाटेपर्यंत उतरतच जातो. एक मुलगी म्हणाली, 'म्हणून आजोबा पहाटे चारला उठतात.' दुसऱ्या जोडीने एक यंत्र मांडवावर आणि एक जमिनीजवळ ठेवलं होतं. खालचं जास्त गार निघालं. गार हवा जड असते, खाली बसते, हे पुस्तकात आहे. पण बागेच्या खोलगट कोपऱ्यातले घड आधी का जातात, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते पहिल्यांदाच समोर आलं.

एका जोडीची रात्र वाया गेली. सकाळी नोंदी न बघताच त्यांनी उत्साहाने नवा प्रोग्रॅम टाकला, आणि नवा प्रोग्रॅम टाकला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. रडारड झाली. आता भिंतीवर मुलांच्याच हस्ताक्षरात एक ओळ आहे: 'आधी नोंद काढा, मग कोड टाका.'

यंत्र जोडलं, दिवा लागतो, पण संगणकाला दिसत नाही.

केबल बदला. दहातल्या आठ वेळा एवढंच असतं. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही केबलींत फक्त वीज जाते, माहिती जात नाही. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात. ज्या केबली चालतात त्यांना लाल दोरा बांधून ठेवा.

केबल ठीक असेल आणि 'मायक्रोबिट'ऐवजी 'मेंटेनन्स' नावाचा ड्राइव्ह दिसत असेल, तर केबल जोडताना कोणीतरी मागचं रीसेट बटण दाबून धरलं होतं. केबल काढा, बटणाला हात न लावता परत जोडा. आणि प्रोग्रॅम आत जात असताना मागचा दिवा लुकलुकत असतो, तोवर केबल ओढायची नाही. यापलीकडची अडचण आली तर ते यंत्र बाजूला ठेवा आणि तास पुढे न्या. चाळीस मुलांना ताटकळत ठेवून एका यंत्राची पूजा करू नये.

बिनतारी संदेशाचा तास फसला. सगळ्यांचे संदेश सगळ्यांना जातात.

म्हणजे तास फसला नाही. आमच्याकडेही बारा जोड्यांनी मी फळ्यावर लिहिलेला गट क्रमांक १ जसाच्या तसा उतरवला. एकाने बदाम पाठवला, तो बाराही पडद्यांवर उगवला. सातवीच्या वर्गात अनोळखी बदामाने काय होतं ते सांगायला नको.

गट ० ते २५५ पर्यंत असतात. शांत झाल्यावर एकाने सुचवलं, प्रत्येक जोडीने आपला हजेरी क्रमांक घ्यावा. सुटलं. पण मग दुसऱ्याने ओळखलं की हजेरी क्रमांक सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणजे कोणीही कोणाचंही ऐकू शकतं. सांकेतिक भाषा, पासवर्ड, 'आमच्यातलं आमच्यात' राहायला काय लागतं, हे बोलणं इथून सुरू होतं. दोन तास राखून ठेवा.

शॉक बसेल का? पालक घाबरतात.

दोन सेल, ३ व्होल्ट. शॉक बसत नाही. जपायचं ते शॉर्टसर्किटला. उघडी पट्टी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ठेवली की खालचे सोनेरी दात एकमेकांना जोडले जातात आणि सेल तापतात. आमच्याकडे डबा खाताना एकदा झालं. तेव्हापासून यंत्र पुठ्ठ्यावरच ठेवायचं. सेल लावलेलं यंत्र खिशात नाण्यांबरोबर नको. भिंतीतल्या विजेला, पंख्याला, घरच्या मोटारपंपाला जोडायची भन्नाट कल्पना कोणीतरी मांडणारच. तिथे माझं उत्तर नाही, आणि त्यावर चर्चा नाही. खेळण्यातली छोटी मोटारसुद्धा थेट पिनेला, म्हणजे त्या सोनेरी भोकाला, लावू नका, पिनेतून तेवढी वीज मिळत नाही. मध्ये मोटार चालवणारं वेगळं सर्किट लागतं.

मातीतली ओल मोजायचा प्रकल्प आठवड्यात बिघडला.

दोन खिळे मातीत, एक ३ व्होल्टला आणि एक ० क्रमांकाच्या पिनेला, आकडा ० ते १०२३ मध्ये. ओल जास्त तर आकडा जास्त. हा प्रकल्प सगळे करतात आणि सगळ्यांचे खिळे सडतात, कारण ओल्या मातीतून सतत वीज वाहिली की लोखंड झिजतं. खिळा ३ व्होल्टला न लावता १ क्रमांकाच्या पिनेला लावा. मोजायच्या क्षणीच ती पिन चालू करा, मोजा, बंद करा. तासातून एकदा पुरे, माती काही मिनिटामिनिटाला सुकत नाही. पण पहिले खिळे सडू द्या. मुलांनी ते बाहेर काढून बघितले पाहिजेत.

मला स्वतःला कोडिंग येत नाही. मी शिकवू शकेन का?

मलाही येत नव्हतं, मी भूगोलाची. तुम्हाला एक तास पुढे असावं लागतं, एक वर्ष नाही. 'मला माहीत नाही, बघू या' हे वाक्य मोठ्याने म्हणायची सवय करा. पहिल्यांदा जीभ जड होते.

प्रकल्प कुठून आणायचे असंही विचारतात. इंटरनेटवरच्या यादीत 'स्मार्ट सिटी'ची पुठ्ठ्याची मॉडेलं भरपूर आहेत. ती सोडा आणि गावात फिरा. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हेच केलं: गावाला ज्याची गरज आहे ते काम मुलांनी करायचं आणि करता करता शिकायचं. कांद्याच्या चाळीत आत किती उकडतं, वर्गातला कोणता बाक सर्वात अंधारात आहे, पाण्याची टाकी कधी भरली. असे प्रश्न हवेत.

आर्डुइनो स्वस्त आहे. ते का नको?

आर्डुइनो ही प्रोग्रॅम करायची दुसरी पट्टी उत्तमच, २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत विद्यार्थ्यांसाठीच ते तयार झालं. पण त्यावर दिवा, बटण, संवेदक सगळं बाहेरून जोडावं लागतं. वायर ढिली की चूक कोडची की वायरची, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळत नाही. मायक्रोबिट दोन हजार रुपयांच्या आगेमागे मिळतो आणि सगळं अंगावर घेऊन येतो. आठवीत हात स्थिरावले की आर्डुइनो आणा.

ब्लॉकवरून पायथनवर कधी जायचं?

मूल ब्लॉकला कंटाळलं की. मेककोडमध्ये तोच प्रोग्रॅम पायथनमध्ये, म्हणजे शब्दांत टाइप करायच्या कोडच्या भाषेत, कसा दिसतो ते एका टिचकीत बघता येतं. काही मुलं चोरून बघू लागतात, तीच वेळ. बाकीच्यांना ढकलू नका. ब्लॉक म्हणजे बालवाडी असा एक समज पालकांत आहे, त्याला दाद देऊ नये.

एआय सगळा कोड लिहून देतो. मग हे शिकून काय उपयोग?

लिहून देतो खरा. पण खिळा सडला, पिशवीत दव शिरलं, दोन यंत्रांचे आकडे जुळत नाहीत, हे त्याला तुमच्या मुलानेच जाऊन सांगावं लागतं. आठवीच्या एका मुलाने एआयकडून कोड आणला, तो चाललाही. मी म्हटलं, आता प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखव. तिसऱ्या ओळीला तो थांबला, आणि मग मुकाट्याने खाली बसून स्वतःचा लिहायला लागला.

पैसे कुठून आणायचे?

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनकडून २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः करून बघायच्या प्रयोगशाळा, मिळतात. निवड झाली तर २० लाखांपर्यंत अनुदान, त्यात १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षांच्या खर्चाला. सहावी ते बारावीसाठी ही योजना आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅब जाहीर झाल्या. अर्ज जरूर करा.

पण मोठ्या रकमेची वाट बघत बसू नका. आम्ही माजी विद्यार्थी आणि ग्रामस्थांच्या वर्गणीतून आठ यंत्रांवर सुरुवात केली. एका शाळेत मी कुलूपबंद कपाटात वेष्टनासकट ठेवलेले रोबो पाहिले आहेत. तपासणीला दाखवायचे म्हणून ते कोणी उघडले नव्हते. यंत्र हरवेल, तुटेल, याची तरतूद पहिल्याच दिवशी मनात करा. वर्षाला एखादं जातंच.

गुण कसे द्यायचे?

यंत्र चाललं की नाही यावर तर नकोच. मी 'चूक-वही' बघते: काय व्हायला हवं होतं, काय झालं, मी काय बदललं. तीन रकाने. शेवटी एक तोंडी परीक्षा असते: मी त्यांच्या प्रोग्रॅममध्ये एक ब्लॉक गुपचूप बदलते आणि त्यांनी तो शोधायचा. मुलं आता एकमेकांचे ब्लॉक बदलून ठेवतात. थोडा त्रास आहे, पण सराव चांगला होतो.

दिवाळीच्या सुट्टीत यंत्रं घरी द्यावीत का?

द्या. वहीत सही घ्या, सेल जास्तीचे द्या, परत येताना काय बिघडलं ते लिहून आणायला सांगा. गेल्या दिवाळीत आम्ही चौदा दिली, तेरा चालू स्थितीत आली, एकाची बॅटरीची पेटी उंदराने कुरतडली. सातवीतल्या एका मुलीने पावलं मोजायचा प्रोग्रॅम घालून यंत्र शेळीच्या गळ्यात बांधलं. शेळी रात्री गोठ्यात बांधलेली, तरी सकाळी आकडा चार हजारांच्या वर. आईने ठरवलं शेळी चोरीला जाऊन परत आली. मुलीने दुसऱ्या रात्री टॉर्च घेऊन गोठ्यात बसून पाहिलं: शेळी रात्रभर खुंटाला मान घासत होती. आता यंत्र पायाला बांधायचं, की मान घासणं आणि चालणं यांतला फरक कोडमध्ये ओळखायचा, यावर सातवीत दोन तट पडले आहेत. पायवाल्यांचं म्हणणं सोपं आहे. पण शेळी पाय झटकते.